तीनशे बारा

आमच्या बेटावर डोंगर नाही.
एस्टोनियाच्या नकाशात सारेमा शोधा,
बोट फिरवा, कुठेच अडणार नाही.
सर्वांत उंच जागा चोपन्न मीटर,
तिथेही गायी न थांबता चढून जातात.
अशा ठिकाणी मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला.

फळ्यावर समोच्च रेषा काढायचे,
पोरं खिडकीतून समुद्राकडे बघायची.
तावेत तेवढा विचारायचा,
बाई, डोंगर आतून कसा असतो?
म्हटलं, दगड.
मग आमचं शेत डोंगरच आहे की, म्हणाला,
आडवं झोपलेलं.

चाचणीत बेटाचा नकाशा काढायला दिला.
त्याने किनारा बरोबर काढला, खाचाखोचांसकट,
दक्षिण टोकाचा दीपस्तंभ, पूर्वेचा भराव,
आणि बापाच्या शेतात, मधोमध,
एक डोंगर.
एकात एक सात रेषा. उंची ३१२.
मी लाल फुली मारली. अर्धा गुण कापला.
हुज्जत घालायला आला नाही,
खोडलंही नाही.

लेफ्टनंट झाल्यावर एकदा शाळेत आला.
केस इतके बारीक
की त्याचे कान मला पहिल्यांदाच दिसले.
कॉफीचा पुडा टेबलावर ठेवला आणि
जुन्या बाकावर बसून बघितलं. गुडघे मावेनात.

मग अफगाणिस्तानातून एक पत्र:
"बाई, तुमच्या रेषा इथे खऱ्या निघाल्या.
नकाशावर बोटभर अंतर, चालायला अर्धा दिवस.
दम लागला की तुमची आठवण येते,
राग मानू नका."
उत्तर द्यायचं राहिलं.
वार्षिक परीक्षेचे पेपर होते.
असं मी लोकांना सांगते.
पेपर चार दिवसांत तपासून झाले होते.

काय झालं ते सैन्याच्या माणसाने एन्नला सांगितलं,
एन्नने कुणालाच नाही.
माझ्यापर्यंत आलं ते इतकंच:
एक उतार, उतारावर पडलेला एक जखमी शिपाई,
त्याला आणायला गेलेला तावेत.
वय पंचवीस.
उतार किती अंशांचा होता
हे विचारावंसं वाटलं मला,
आणि स्वतःचीच शिसारी आली.

फेरीबोट भर उन्हाळ्यात आली.
सायकली, तंबू, आइस्क्रीम चाटणारी परगावची मुलं,
पावाची गाडी, आणि तिच्या मागे, तिसऱ्या रांगेत,
तो.
कप्तानाने भोंगा वाजवला नाही.
हेल्वीने निरोप धाडला होता,
पोर लहानपणी भोंग्याला घाबरायचं,
कान झाकून माझ्या झग्यात शिरायचं.
त्या दिवशी बोट मुक्यानेच धक्क्याला लागली.
झेंडा घडी करून तिच्या हातात दिला तेव्हा
तिने तो उलगडला,
आणि आपल्या पद्धतीने पुन्हा घातली घडी,
चादरींची घालते तशी.

आमच्याकडे बर्फ वितळला की
जमीन दगड वर ढकलते.
दर वर्षी वेचावे, दर वर्षी नवे.
सगळे लोक त्यांचे बांध रचतात.
एन्नचे बांध आता ढासळलेत,
तो दगड शेताच्या मधोमध नेऊन टाकतो.
ट्रॅक्टर वळसा घालून जातो.
राय पेरायची जागा दर साली थोडी घटते.
शेजारी म्हणतात, म्हातारा भ्रमलाय.

ती उत्तरपत्रिका मी एन्नला कधी दाखवली नव्हती.
पोरानेच घरी सांगितलं असेल
केव्हातरी, जेवताना,
लाल फुलीसकट.

परवा टेप घेऊन गेले.
का, ते त्याने विचारलं नाही.
वाकून खालचं टोक धरलं,
दगडावर अंगठा दाबून, पक्कं.
मी वरचा आकडा वाचला:
एक मीटर चाळीस.

एवढ्यावर रेषा काढता येत नाही,
सवयीने बोलून गेले.

एन्न उठला, गुडघ्याची माती झटकली.
"पुढच्या वसंतात या," म्हणाला,
आणि कडेला पडलेला एक दगड
पायाने आत सारला.